टिळक दांपत्याच्या वाङ्मयातील शांतिभाव

बंगळूरच्या चामराजपेठेत कन्नड साहित्य परिषदेची वास्तू आहे. १९१५ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या शेजारात वावरणाऱ्या मराठी वाचकाच्या कानी फर्डिनांड किटेल हे नाव येते ते कोशकार म्हणून. त्याचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ चा. परंतु त्यापूर्वी तीन दशके, १८६२ साली, याच मिशनऱ्याने ‘कथामाले’ या नावाने ख्रिस्तचरित्र कन्नड काव्याच्या परंपरागत छंदात रचले होते. कोशाची थोरवी सर्वांच्या मुखी, काव्य मात्र अडगळीत! रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या बाबतीत आपणही फारसे निराळे वागलो नाही. ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून त्यांना जवळ केले आणि ‘अभंगांजली’ एका समाजाच्या उपासनेची वही समजून बाजूस ठेवली. ही वाटणी मला मान्य नाही. परंतु ‘अभंगांजली’च्या कैवाऱ्यांशीही माझे सर्वस्वी जमत नाही.

किटेलला जे परिश्रमाने मिळवावे लागले ते टिळकांच्या रक्तातच होते. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पण तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असेच ते सांगत. त्यामुळे त्यांचा ख्रिस्त मराठी भक्ताचा ख्रिस्त झाला. उणीव निराळ्या ठिकाणी आहे. तुकोबांची शांती दुष्काळ, दिवाळे आणि देवाशी उघड भांडण यांतून येते. टिळकांच्या अभंगात चिंता उच्चारली जाते, परंतु पुष्कळदा अभंग संपण्यापूर्वीच ती विरघळून जाते. गेथशेमनेच्या बागेत प्रत्यक्ष येशूला जी रात्र काढावी लागली, तिची छाया या अभंगांवर पडावी तितकी पडत नाही. कवीच्या श्रद्धेविषयी शंका नाही. पण वाचकाला ती शांती आयती मिळते, आणि आयती मिळालेली शांती काव्यात टिकत नाही.

मग ती झुंज गेली कोठे? ती ‘स्मृतिचित्रे’त आहे. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथेस लक्ष्मीबाईंच्या विनोदासाठी आपण नावाजतो. त्या विनोदाखाली एका स्त्रीचा जीव किती काळ टांगणीला लागला होता, इकडे लक्ष कमी जाते. पतीच्या धर्मांतरानंतरची ताटातूट, सोवळ्याओवळ्याचा पीळ, लेकराची काळजी, या सर्वांतून जात असता त्यांच्या मनातील जातिभेदाची भिंत आधी कोसळली. दीक्षा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम महत्त्वाचा आहे. त्यांचा विश्वास वादविवादातून आलेला नाही. पाणी कोणाच्या हातचे प्यावे, या घरगुती प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या मनाने दिल्यावर तो आला.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. डोंगरावरील प्रवचनातला निश्चिंतपणा टिळक अक्षरशः जगले. हाती आलेला पैसा ते देऊन टाकीत. १९१७ साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभिला. रानातल्या फुलांना उद्याची काळजी नसते खरी, पण घरात संध्याकाळची चूल कोणीतरी पेटवावी लागते. कवीच्या निश्चिंतीचा भार गृहिणीच्या माथी आला. तिने तो कुरकुरत, भांडत, हसत वाहिला आणि तसाच लिहिला. ‘अभंगांजली’तील शांतीवर ‘स्मृतिचित्रे’ हे भाष्य आहे, आणि माझ्या मते मूळ ग्रंथाहून भाष्य सरस ठरले आहे. मात्र कैवाऱ्यांच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की, ज्या माणसाच्या लहरींवर बाई इतक्या वैतागतात, त्याच्या शांतीची त्यांना कधी चेष्टा करवत नाही. त्या पैशाचा हिशेब मागतात, प्रार्थनेचा मागत नाहीत.

१९१९ साली टिळक वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते काम हाती घेतले, आणि पतीने लिहिली त्याहून कितीतरी अधिक प्रकरणे त्यांनी आपल्या साध्या, बोलक्या भाषेत रचली.