एम.बी.ए. प्रकल्प अहवाल : मार्गदर्शन की केवळ स्वाक्षरी?

व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रकल्प अहवाल हा उपयोजित संशोधनाचा पहिला अनुभव मानला जातो. दुसऱ्या सत्रानंतर विद्यार्थी सुमारे ८ आठवडे एखाद्या व्यवसायसंस्थेत काम करतो व मार्गदर्शक प्राध्यापकाच्या देखरेखीखाली अहवाल सादर करतो. प्रत्यक्षात ही देखरेख बहुधा प्रश्नावल्या भरून झाल्यावरच सुरू होते!

एक अनुभव येथे उल्लेखनीय वाटतो. दुचाकी विक्रेत्याकडे काम केलेल्या विद्यार्थ्याने ‘ग्राहक समाधान’ हा विषय घेतला. १०० उत्तरदाते, लिकर्टची पंचबिंदू श्रेणी, वर्तुळालेख. निष्कर्ष, ग्राहक समाधानी आहेत. तोंडी परीक्षेत मात्र तो सहज बोलून गेला, की सुटे भाग वेळेवर न आल्याने गाड्या वर्कशॉपमध्ये अडकून पडत व ग्राहक काउंटरवर भांडत. प्रश्नावल्या त्याने नव्या गाडीची चावी घेणाऱ्यांकडून भरून घेतल्या होत्या. जॉबकार्डांवरील तारखा पाहिल्या असत्या तर विलंब मोजता आला असता. सदर अहवालावर मार्गदर्शक म्हणून स्वाक्षरी प्रस्तुत लेखकाचीच होती, हे नमूद करणे आवश्यक आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्य प्रतिबंधक विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. या कसोटीस तो अहवाल सहज उतरला. साम्य तपासणारी संगणकप्रणाली नमुना कोठून घेतला हे विचारीत नाही. ते विचारण्यासाठी मार्गदर्शकाने पहिल्याच आठवड्यात कार्यस्थळी जावयास हवे, आणि त्या भेटीचे तास त्याच्या कार्यभारात धरले जावयास हवेत.