आज्ञापत्रांतील वतनदार-प्रकरण : एक विचार

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राची राजनीतिपर ग्रंथ म्हणून जी थोरवी आहे, तीविषयीं वाद घालण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु त्यांतील वतनदारांविषयींचें प्रकरण हें त्या वर्गावरील अखेरचा निवाडा म्हणून वारंवार पुढें केलें जातें, तें आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

अमात्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : देशमुख, देशकुळकर्णी, पाटील हे नांवाचे वतनदार, वस्तुतः लहान लहान राजेच, ते राज्याच्या दायादांप्रमाणें वागतात, परचक्र आलें कीं वतन राखण्यासाठीं आधींच शत्रूस जाऊन भेटतात. म्हणून त्यांस मोकळीक देऊं नये, तथापि त्यांची वृत्तिही बुडवूं नये. स्नेह व दंड यांच्या मध्यें त्यांस ठेवावें. राजानें कशाचें भय बाळगावें हें येथें उत्तम सांगितलें आहे. पण वतनदार मूळ कोणाचा ऋणी, हा प्रश्न अमात्य विचारीतच नाहींत.

वतन म्हणजे नुसता हक्कलाजिमा नव्हे. देशमुखानें मुलुखाची लावणी करावी, परागंदा रयत कौल देऊन परत आणावी, वसूल वेळेवर पोंचवावा, वतनाच्या तंट्यांत गोताबरोबर बसून महजरावर निशाणी करावी आणि तलब आली म्हणजे आपला जमाव घेऊन चाकरीस हजर व्हावें, हें त्या हक्काचें मोल होय. हें मोल ज्याच्या ताब्यांत मुलूख त्या तख्तास द्यावयाचें असे. निजामशाही जाऊन आदिलशाही आली तरी देशमुख तोच राहिला, याचें कारण हेंच.

या दृष्टीनें कान्होजी जेध्यांचें प्रकरण पाहावें. रोहिडखोऱ्याच्या या देशमुखास जून १६५९ मध्यें विजापूरचें फर्मान आलें कीं, अफजलखानास सामील होऊन शिवाजीचें पारिपत्य करावें. कान्होजी आपल्या पांच पुत्रांसह शिवाजीमहाराजांकडे गेले व त्यांनीं वतनावर उदक सोडलें, असें जेधे करीना सांगतो. या उदकाचें वर्णन सामान्यतः स्वामिभक्तीचा उमाळा म्हणून केलें जातें. आम्हांस त्यांत व्यवहारशास्त्र दिसतें. धर्मशास्त्रांत उदक सोडणें म्हणजे स्वस्वत्वनिवृत्ति. जोंवर वतन आपलें, तोंवर तख्ताची चाकरी आपल्यावर. तें ऋण फेडावयाचें नसेल तर आधीं वतन सोडलें पाहिजे. कान्होजींनीं नेमकें तेंच केलें.

यावर कोणी म्हणेल कीं, उदक हें केवळ शपथेचें रूप आहे. पण शिवाजीमहाराजांची पाठ राखण्याविषयीं कान्होजी शहाजीराजांस पूर्वींच वचनबद्ध होते, हेंही करीनाच सांगतो. वचन होतेंच, तर मग उदकाचें प्रयोजन काय? वचनानें माणूस बांधला जातो. उदकानें जमिनीचा बंध सुटतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. करीना हा वतनदाराच्याच घरचा कागद. तो आपल्या कुळास उजळा देणारच. हें आम्ही मान्य करतों. तथापि उजळा द्यावयाचा तरी तो वाचणारास समजेल अशाच रीतीनें द्यावा लागतो.

आतां खंडोजी खोपडे यांचा विचार करूं. ते खानास मिळाले, आणि पुढें महाराजांनीं त्यांचा एक हात व एक पाय तोडविला. वतनाच्या जुन्या न्यायानें पाहतां, खोपड्यांनीं तख्ताची चाकरीच केली होती; हें लिहितांना आम्हांसही जड जातें. पण या शिक्षेचा अर्थ त्यावांचून लागत नाहीं. नवें राज्य नवें ऋण मागत होतें : मुलूख कोणाच्या ताब्यांत आहे हें न पाहतां निष्ठा धन्यापाशीं असावी. अमात्य अर्ध्या शतकाहून अधिक काळानें लिहितात, आणि हा नवा नियम जणूं अनादि आहे असें धरून वतनदारांस दोष देतात. प्रकरणाचा खरा उणेपणा येथें आहे.

आणि अमात्यांस हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. १६८९ नंतर राजाराममहाराज जिंजीस असतां महाराष्ट्राचा भार त्यांच्यावर होता. मोंगलांकडे गेलेले सरदार परत यावेत म्हणून त्या काळांत वतनांचीं व इनामांचीं अभिवचनें दिलीं गेलीं. वतनानें माणूस जोडला जातो, आणि त्याच वतनानें तो जातोही, हा अनुभव त्यांच्या घरचा होता. म्हणून प्रस्तुत प्रकरण आम्ही अनुभवी मंत्र्याची सावधगिरी म्हणून वाचतों, न्यायाधीशाचा निकाल म्हणून नव्हे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. जुन्या घराण्यांत शिक्क्याची सनद जपून ठेविली जाते, आणि ताकीदपत्रें, तलबेच्या चिठ्ठ्या, जामीनकतबे रुमालाच्या तळाशीं कसरीस पडतात. सनदेंत हक्क असतो, या चिठ्ठ्यांत कर्तव्य. पहिलींच पत्रें छापून दुसरीं टाकलीं, तर वतनदार हा नुसता खाणारा ठरेल आणि अमात्यांचा आरोप आपणच सिद्ध केल्यासारखें होईल.