‘वाणिज्याचे कॅथेड्रल’ आणि कॅस गिल्बर्ट

गगनचुंबी इमारत म्हणजे जमिनीकडून उत्पन्न काढणारे यंत्र, अशी रोखठोक व्याख्या करणाऱ्या वास्तुशिल्पज्ञाच्या इमारतीस ‘वाणिज्याचे कॅथेड्रल’ ही पदवी मिळावी, हा विसंवाद कॅस गिल्बर्ट यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना प्रथम ध्यानी घ्यावा लागतो.

१८५९ साली ओहायो राज्यात जन्मलेल्या गिल्बर्ट यांनी मिनेसोटाच्या विधानभवनामुळे कीर्ती मिळविली व न्यूयॉर्कमध्ये जम बसविला. पाच-दहा सेंटच्या दुकानांवर धनाढ्य झालेल्या फ्रँक वुलवर्थ यांच्यासाठी त्यांनी उभारलेली ७९२ फूट उंचीची इमारत १९१३ साली पूर्ण झाली आणि १९३० पर्यंत जगात सर्वांत उंच राहिली. सुमारे १ कोटी ३५ लाख डॉलरांचा खर्च वुलवर्थ यांनी रोखीने भागविला.

गॉथिक मंदिरात दगडी कमानी स्वतः भार वाहतात. येथे भार पोलादी सांगाड्यावर आहे. भाजलेल्या मातीची नक्षी हे केवळ वस्त्र आहे. तरीही यास फसवणूक म्हणता येणार नाही. रस्त्यापासून शिखराकडे झेपावणाऱ्या उभ्या रेषा आतल्या पोलादाचेच काम डोळ्यांना दाखवितात. मात्र हे वस्त्र अपरिहार्य नव्हते. जॉर्ज वॉशिंग्टन पुलाच्या मनोऱ्यांना गिल्बर्ट दगडी आवरण देणार होते. खर्चापायी ते राहून गेले आणि १९३१ साली खुल्या झालेल्या त्या पुलाचे उघडे पोलादच रसिकांना भावले.

खरा प्रश्न अंतर्भागात उभा राहतो. क्रुसाच्या आकाराचे दालन, वर सोनेरी मोझेइकची छते आणि त्याखाली विनोदी शिल्पे : वुलवर्थ नाणी मोजत आहेत, गिल्बर्ट इमारतीची प्रतिकृती हाती धरून आहेत. मध्ययुगीन चित्राशिल्पांत दाता गुडघे टेकून मंदिराची प्रतिकृती प्रभूला वा संताला अर्पण करताना दिसतो. येथे मात्र प्रतिकृती कोणालाच अर्पण केलेली नाही.

शिल्पातील हा विनोद प्रांजळ आहे. गिल्बर्ट स्वतः आपली प्रेरणा चर्चपेक्षा युरोपातील गॉथिक नगरभवनांत असल्याचे सांगत. ‘कॅथेड्रल’ हा शब्द रूढ केला तो ब्रुकलिनचे धर्मोपदेशक एस. पार्क्स कॅडमन यांनी. वास्तुशिल्पज्ञाने पाळलेला विवेक उपदेशकाने सोडला, असे खेदाने म्हणावे लागते. गिल्बर्ट १९३४ साली निवर्तले. त्यांच्या या वास्तूचे सौंदर्य आपण मोकळ्या मनाने मान्य करावे. पण उंचीने दिपून जाऊन उपासनेची भाषा व्यापाराला बहाल करू नये.