गंधर्व कंपनी आणि आमच्या ओसरीवरचे दोन पक्ष

पक्ष घेऊन भांडायची आमच्या गावाची सवय जुनी. मध्ये जाम नदी, अलीकडे सावरगाव, पलीकडे पांढुर्णा, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत रोवलेल्या पळसावरचा झेंडा कोणी काढायचा म्हणून दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव. गोटमारीची बाजू घेण्याचे माझे धाडस नाही. त्या दिवशी मुलांना घरात थोपवून धरता धरता मुख्याध्यापकाचे केस पांढरे होतात. पण दगड न उचलता चालणारी एक गोटमार आमच्या घरच्या ओसरीवरही पन्नास वर्षे चालली. वाद एकच होता : गंधर्व नाटक मंडळी पुढे पुढे बिघडली की नाही?

आजोबा गेले, बाबा गेले, तेव्हा हा खटला निकाली निघाला असे मी धरून चाललो होतो. गेल्या उन्हाळ्यात चिरंजीव दोन मित्रांना घेऊन सुटीवर आले आणि रात्री ओसरीवर पुन्हा कडाक्याचे भांडण ऐकू आले. भांडण हिंदीत, मधूनमधून मराठीत, आणि विषय ‘इंडियन ओशन’ नावाचा दिल्लीचा रॉक बँड. १९९० साली सुरू झालेला हा बँड. आपल्या नर्मदेच्या खोऱ्यातले ‘मा रेवा’ हे लोकगीत त्यांनी २००० सालच्या ‘कंदिसा’ या संग्रहात घेतले, म्हणून नावाशी माझी तोंडओळख होती. एका मित्राचे म्हणणे, २००९ साली गायक आणि तबलजी असीम चक्रवर्ती वारले तिथेच बँड संपला. दुसरा म्हणे, छे, २०१३ मध्ये सुष्मित सेनने गिटार उचलून वाट धरली तो खरा शेवट. चिरंजीव म्हणाले, “राहुल राम आहे, अमित किलम आहे, नाव तेच आहे. मग बँड तोच नाही का?” मग तिघांनी माझ्याकडे पाहिले. “पप्पा, तुम्हाला यातलं नाही समजणार.”

संगीत मला समजत नव्हते हे खरे. भांडण मात्र अक्षर न् अक्षर पाठ होते.

आमच्या घरात आजोबा हे ‘पाहिलेले’ आणि बाबा हे ‘ऐकलेले’. आजोबांनी शाळकरी वयात नागपूरला गंधर्व कंपनीचा ‘एकच प्याला’ पाहिला होता, आणि काही वर्षांनी, हाती चार पैसे आल्यावर, पुन्हा पाहिला. पहिल्या खेळात सुधाकर गणपतराव बोडसांचा होता, दुसऱ्यात नव्हता. बाबांनी कंपनी कधीच पाहिली नाही. त्यांच्याकडे चावीचा फोनो होता, नारळाच्या काथ्याने बांधलेल्या खोक्यात तबकड्या होत्या आणि नागपूर आकाशवाणी होती. बाबा म्हणत, नारायणराव शेवटपर्यंत नारायणरावच. आजोबा अडकित्ता खाली ठेवून म्हणत, “अरे बावा, तू गाणं ऐकलंस. मी नाटक पाहिलं होतं.” बाबांना राग येई, आई चहा टाकायला उठे, आणि वाद चहावर तहकूब होई.

मी मराठी घेऊन एम. ए. झालो तेव्हा साहजिकच न्यायाधीशाच्या खुर्चीवर जाऊन बसलो आणि निकाल बाबांच्या बाजूने दिला. आजोबांच्या बोलण्यात ‘आमच्या वेळी’चा वास येतो, असे मी त्यांच्या तोंडावर म्हणालो. त्यांनी उत्तर दिले नाही. आज या वयात मला तो निकाल फिरवायचा आहे. पूर्ण नाही, पण बराचसा.

आधी हे लक्षात घ्यावे की ‘पूर्वीचे राहिले नाही’ ही तक्रार गंधर्वांपासून सुरू झालेली नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ उभे केले आणि १८८२ साली ‘सौभद्र’. त्या रंगभूमीचा आवाज भाऊराव कोल्हटकरांचा. १९०१ साली भाऊराव गेले. चार वर्षांनी, १९०५ साली, नारायण श्रीपाद राजहंस हा सतरा वर्षांचा मुलगा किर्लोस्कर मंडळीत आला, तेव्हा भाऊरावांचा गळा कानात साठवलेली माणसे त्याच्यासमोर प्रेक्षकांत बसलेली होती. म्हणजे आजोबा ज्याला ‘मूळ’ म्हणत, तेही कोणा जुन्या रसिकाच्या लेखी बदललेलेच होते. एम. ए.च्या वर्गात हा मुद्दा शिकलो आणि त्यावरच थांबलो, ही माझी चूक. प्रत्येक पिढीला आपलेच खरे वाटते, असे म्हटले की आपण शहाणे ठरतो. पण काय बदलले, हा प्रश्न तिथेच राहतो.

१९१३ साली किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा तिचे मालक तीन होते : बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे. नाव एकाचे, मंडळी तिघांची. बोडस म्हणजे अभिनय, संवाद, नाटकाची शिस्त. टेंबे म्हणजे हार्मोनियम आणि चालींची सूझ. १९११ सालच्या ‘मानापमान’ला त्यांनीच नवे वळण दिले होते. त्यात १९१६ च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखले आले. भास्करबुवांनी ख्यालाची घराणेदार गायकी नाट्यपदात अशी उतरवली की ऐकणाऱ्याला शास्त्राचे ओझे वाटू नये. त्या चार-सहा वर्षांत रंगमंचावर जे होते ते एका माणसाचे गाणे नव्हते. गाणारा एक होता, पण त्याला तोलणारे, टोकणारे, अडवणारे आजूबाजूला उभे होते.

‘एकच प्याला’ याचा सर्वांत मोठा पुरावा, आणि या नाटकाशी आपल्या मुलखाचे जवळचे नाते आहे. सौंसरहून नागपूरला जाताना सावनेर लागते. तिथेच २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकऱ्यांनी देह ठेवला. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आला तो त्याच वर्षी, पण गडकऱ्यांनी डोळे मिटल्यावर. त्यातली पदे गडकऱ्यांची नव्हेत, ती वि. सी. गुर्जरांनी रचली. नाटक एकाचे, गाणी दुसऱ्याची, हे पुढे माझ्या कामी आले, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. बोडस सुधाकर झाले, बालगंधर्व सिंधू. भरजरी शालूंसाठी गाजलेला हा नट ठिगळांचे लुगडे नेसून उभा राहिला. आजोबांच्या सांगण्यात पहिले नाव सिंधूचे कधीच येत नसे. ते म्हणत, “सुधाकर पाहून मी घाबरलो होतो. घरी आल्यावरही घाबरलेलोच होतो.” आमच्या चुलत घराण्यात दारूने एक माणूस गेला होता. आजोबा त्याबद्दल अधिक बोलत नसत.

पुढे काय झाले? टेंबे लवकरच बाहेर पडले. बोडसही पुढे मालकीतून आणि मंडळीतून गेले. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’चा तो ऐतिहासिक खेळ झाला. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. तीन महिन्यांत केशवराव गेले. १९२२ च्या एप्रिलात भास्करबुवा गेले. कर्जासकट सगळी मंडळी नारायणरावांच्या एकट्याच्या खांद्यावर आली. त्यानंतर जे आले तेही लहान नव्हते. विनायकबुवा पटवर्धन आले, मास्तर कृष्णराव होते, तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष. अशी साथ एखाद्या संस्थानिकाच्या दरबारातही क्वचितच जमली असेल. परंतु यादी नीट वाचावी. जो गेला तो बोडस, आणि जे आले ते सगळे गाण्याचे.

माझा मुद्दा एवढाच आहे. बालगंधर्वांचा गळा बिघडला नाही. गाणे उलट खोल गेले. १९३१ चे ‘कान्होपात्रा’ घ्या, त्यातली अभंगगायकी कोणी उतरती म्हणून दाखवावी. बिघडले ते नाटक. पदाला वन्समोअर, वन्समोअरला पुन्हा वन्समोअर, आणि सिंधूचे दुःख रात्रभर तिथेच उभे. बोडसांसारखा नट समोर असता तर पुढचे वाक्य टाकून त्याने खेळ पुढे ओढला असता. नारायणरावांना ‘आता पुरे’ म्हणणारा बरोबरीचा माणूस मंडळीत उरला नव्हता. पगारी माणूस मालकाला हे सांगत नाही, आणि मायबाप प्रेक्षक तर कधीच सांगत नाहीत, ते टाळ्या देतात. आजोबांचा दुसरा खेळ हा होता. ते म्हणत, “गाणं पहिल्यापेक्षा चांगलं झालं. पण मी घाबरलो नाही.”

मग बाबांना हे का दिसू नये? इथे फोनो आडवा येतो. जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावतात. मंडळीतून निघून गेलेला ‘पुरे’ म्हणणारा माणूस तबकडीत बसलेला होता! सुई मधल्या वर्तुळाला लागली की नारायणरावांनाही थांबावेच लागे. त्यामुळे तबकडीवरचे बालगंधर्व कायम आटोपशीर, कायम घाटदार. बाबांच्या बालगंधर्वांना उतरण लागलीच नाही, कारण ती जिथे होती ती जागा तबकडीत मावत नव्हती. आपल्या सीमेवरच्या बहुतेक घरांनी मराठी संगीत नाटक असेच तुकड्यातुकड्यांनी, आकाशवाणीवरून आणि खोक्यातून मिळवले. १९५६ नंतर नागपूर दुसऱ्या राज्यात गेले, आम्ही इकडे राहिलो. गाणी सीमा ओलांडून आली, नाटके फारशी आली नाहीत. आम्ही पदांवर वाद घालतो, प्रयोगांवर नाही.

बाबांच्या पिढीची आणखी एक आवडती सबब होती, ती इथेच खोडून टाकतो. सगळ्या पडझडीचे खापर गोहरबाई कर्नाटकींच्या माथी मारायचे. बाबाही मारीत. गोहरबाई १९३८ साली आल्या. बोलपट १९३१-३२ मध्येच येऊन ठेपले होते. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ने रंगभूमीला वेगळी दिशा दाखवली आणि स्त्रियांची कामे स्त्रिया करू लागल्या. १९३५ साली तर स्वतः बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले होते. बाई आल्या तेव्हा वाड्याच्या भिंती आधीच खचल्या होत्या. ज्या बाईने गंधर्वांचे गाणे जिवापाड उचलले, तिला दोषी धरणाऱ्यांना गंधर्वांपेक्षा त्यांचा शालू अधिक प्रिय होता असे मला वाटते. हे कठोर आहे, पण असो.

आता माझ्या निकालाची खरी परीक्षा. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मी ‘एकच प्याला’चे दोन प्रवेश बसवले. घरी मराठी आणि वर्गात हिंदी अशी आमची मुले. पदे म्हणणारे कोणी मिळेना. पेटीवाल्या गुरुजींनी ऐनवेळी अंग काढले. नाइलाजाने पदे गाळली. मला वाटले, आत्माच काढून घेतला. तळीरामाला हशा मिळेल एवढी खात्री होती आणि तो भरपूर मिळालाही. पण सुधाकराचे काम करणारा दहावीचा मुलगा बोलू लागला आणि मंडपातला गलका हळूहळू बसला. मागच्या रांगेत उभी असलेली एक बाई पदर तोंडाला लावून बाहेर निघून गेली. तिच्या घरची परिस्थिती मला ठाऊक होती. त्या रात्री मला आजोबांचे ‘घाबरलो’ कळले, पण ते सांगायला आजोबा नव्हते. गुर्जरांची पदे नसताना गडकरी उभे राहिले. याचा अर्थ पदे नकोत असा मी मुळीच काढत नाही. पदांना धरून ठेवणारे काहीतरी हवे, एवढे मात्र माझ्यापुरते ठरले.

२०११ साली ‘बालगंधर्व’ चित्रपट आला. सुबोध भावे यांचे काम आणि आनंद भाटे यांचा आवाज. त्या गाण्यासाठी भाटे यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. आमच्या विद्यार्थ्यांना बालगंधर्व माहीत आहेत ते तिथून. २०२५ च्या जानेवारीत ‘संगीत मानापमान’ही शंकर-एहसान-लॉय यांच्या संगीतासह पडद्यावर आले. जुन्या मंडळींनी नाके मुरडली. मी नाही मुरडली. गाणे जिवंत ठेवण्याची व्यवस्था चांगली लागली आहे. बोडसांची व्यवस्था मात्र कोणी लावलेली नाही.

हे सगळे मी त्या रात्री ओसरीवरच्या तिघांना सांगितले, इतके नीटनेटके नव्हे. चिरंजीव ऐकून घेत होते. असीम चक्रवर्तींवरून भांडणारा मित्र थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “सर, म्हणजे आवाज गेला हा मुद्दा नाही. असीम कुणाला थांबवत होता, हा मुद्दा आहे.” त्याने लगेच फोनवर १९९७ चे ‘डेझर्ट रेन’ लावले आणि २०१४ चे ‘तंदानू’ लावले, एकामागून एक. मी दोन्ही ऐकली. पहिल्यात चौघे एकमेकांसाठी जागा सोडत होते, एवढे माझ्या कानालाही कळले. दुसऱ्यात पाहुणे कलाकार पुष्कळ. चिरंजीवांना ते मान्य नव्हते आणि भांडण पुन्हा पेटले. मी चहा टाकायला उठलो.

सकाळी त्या मुलाने विचारले, हे बोडस म्हणजे नक्की कोण? मी कपाटातून त्यांचे १९४० सालचे ‘माझी भूमिका’ काढून हातात दिले. तो सौंसरचा मराठी घरातला मुलगा, पण शिक्षण सगळे हिंदीत. जोडाक्षरांशी झटत अर्ध्या तासात दोन पाने झाली. मग मी चष्मा लावला आणि वाचून दाखवू लागलो. दुपारच्या गाडीपर्यंत तिसरा भाग झाला. पुस्तक नेतो का म्हणून विचारले, तर म्हणाला, “नको सर, दिवाळीला येतो, तुम्हीच वाचा.” खूण म्हणून त्याने पानात गाडीचे जुने तिकीट घालून ठेवले आहे.