भय, ज्ञान आणि विस्मृती : ‘ॲम्नेशिया’च्या डेमोसंबंधी

‘ॲम्नेशिया : द डार्क डिसेंट’ हा व्हिडिओ गेम स्वीडनमधील फ्रिक्शनल गेम्स या छोट्या संस्थेने ८ सप्टेंबर २०१० रोजी प्रसिद्ध केला. त्याच्या काही दिवस अगोदर त्याचा डेमो, म्हणजे विनामूल्य खेळावयास दिलेला काही भाग, उपलब्ध झाला होता. पहिले प्रकरण वाचून ग्रंथाविषयी मत देणे प्रशस्त मानले जात नाही, आणि ते योग्यच आहे. तथापि या डेमोचा स्वतंत्र विचार करण्यास एक कारण आहे. एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) या अमेरिकन कथाकाराच्या भयकल्पनेशी हा खेळ उघडपणे नाते सांगतो. ज्या संगणकीय यंत्रणेवर तो उभारलेला आहे तिचे ‘एचपीएल’ हे नावदेखील त्याच्याच आद्याक्षरांवरून ठेवलेले आहे. हे नाते अपुऱ्या भागात जितके घट्ट वाटते तितके ते संपूर्ण खेळात टिकत नाही.

शून्य घर, विकृत ध्वनी, अरण्य हे भयानक रसाचे विभाव भरतापासून परिचित आहेत. त्यांतील भय देहाशी निगडित असते आणि संकट टळले की ओसरते. लव्हक्राफ्टचे भय याहून निराळे, ते ज्ञानाचे आहे. विश्व मानवाचे वैरी नाही. ते मानवाविषयी सर्वस्वी उदासीन आहे, आणि ही उदासीनता ज्याला कळली त्याची बुद्धी ठिकाणावर राहत नाही. ‘द कॉल ऑफ क्थुलू’ (१९२८) या कथेचा निवेदक जुनी टिपणे, वृत्तपत्रातील कात्रण आणि एका खलाशाची हकीकत यांची जुळणी करतो. ही जुळणी हाच त्याचा सर्वनाश होय. म्हणूनच या कथा बहुधा सर्व घडून गेल्यानंतर लिहिलेल्या निवेदनाच्या रूपात येतात. भयाची वस्तू वाचकास क्वचितच स्पष्ट दिसते. ती पाहिलेल्या माणसाची भाषा कोठे अडखळते, एवढेच त्याला दिसते.

खेळाची अडचण नेमकी येथे आहे. खेळाला भूतकाळ वापरता येत नाही. जे काही घडावयाचे ते खेळाडूच्या हातून, त्याच्या डोळ्यांदेखत घडले पाहिजे. ‘ॲम्नेशिया’त तर दारदेखील कळ दाबताच उघडत नाही, माऊस धरून ते हळूहळू ओढावे लागते, आणि फटीतून पलीकडचा अंधार दिसू लागला की हात आपोआप थांबतो. नायकाजवळ शस्त्र नाही. पळणे, लपणे आणि दिव्यातील तेल पुरवून वापरणे एवढेच त्याच्या हाती आहे. हा खेळ जिंकण्यासाठी खेळू नये, त्यातील वातावरणाशी व कथेशी समरस व्हावे, अशा आशयाची सूचना आरंभीच दिलेली असते. न. चिं. केळकरांच्या ‘सविकल्प समाधी’च्या कल्पनेचे मराठी अभ्यासकास येथे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. स्वतःची भूमिका न सोडता परभूमिकेत शिरणे हा केळकरांच्या मते वाङ्मयानंदाचा पाया. वाचकाकडून ही अवस्था गृहीत धरली जाते. खेळाडूकडून मात्र ती मागून घ्यावी लागते, कारण खेळाची स्वाभाविक प्रवृत्ती जय-पराजयाकडे ओढणारी असते.

डॅनिएल हा नायक १८३९ साली प्रशियातील ब्रेनेनबर्ग नावाच्या गढीत जागा होतो. आपले नाव आणि आपण लंडनचे रहिवासी आहोत, याहून फारसे त्याला आठवत नाही. पुढे त्याला स्वतःचेच पत्र सापडते : स्मृती नष्ट करणारे द्रव्य मी जाणूनबुजून प्यालो आहे, गढीचा स्वामी अलेक्झांडर याला ठार कर. लव्हक्राफ्टच्या ‘द आउटसायडर’ (१९२६) या कथेतही जुन्या किल्ल्यात एकाकी वाढलेला, पूर्वस्मृती पुसट झालेला निवेदक आहे. पण तेथील विस्मृती नशिबी आलेली आहे, येथील विकत घेतलेली. मनाला सर्व गोष्टींचा संबंध जुळवता येत नाही ही त्याच्यावरील दया होय, असा विचार लव्हक्राफ्टने मांडला होता; डॅनिएलने ती दया कुपीत भरून प्राशन केली आहे. आता गढीत विखुरलेली रोजनिशीची पाने खेळाडू एकेक करून वाचू लागतो आणि ती दया स्वतःच्या हाताने मोडून काढतो. रचनेचा हा विशेष खरोखर उच्च प्रतीचा आहे.

पाहण्याविषयीचा नियम याला पूरक आहे. राक्षसाकडे टक लावून पाहिल्यास डॅनिएलचे मानसिक स्वास्थ्य ढळते. अंधारात दडून बसल्यासही ढळते. परिणामी खेळाडू भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. दृश्य माध्यमात अदृश्य ते अदृश्य ठेवण्याची ही युक्ती आहे. संपूर्ण खेळात पाण्याने भरलेले एक तळघर आहे. तेथील प्राणी कधीच दिसत नाही, फक्त पाण्यावर उठणारे पाऊलभर शिंतोडे दिसतात. शंभर कुरूप मुखवट्यांनी जे साधले नसते ते या शिंतोड्यांनी साधते.

दोष आहे तो याच मानसिक स्वास्थ्याच्या हिशेबात. सँडी पीटरसन यांच्या ‘कॉल ऑफ क्थुलू’ (१९८१) या कागद-फाशांच्या खेळातही असा हिशेब आहे, आणि तो अंकांत असल्यामुळे वरवर पाहता अधिक यांत्रिक वाटतो. परंतु तेथे गूढ शक्तींविषयीचे ज्ञान जितके वाढेल तितकी स्वास्थ्याची कमाल मर्यादा कायमची घटते. लव्हक्राफ्टचे मर्म त्या रुक्ष आकडेमोडीत सुरक्षित आहे. ‘ॲम्नेशिया’त आकडे नाहीत, स्थिती शब्दांनी सांगितली जाते, पण कोडे सुटले, वाट मोकळी झाली, की स्वास्थ्य सुधारते. म्हणजे उलगडा हे येथे औषध ठरते. ज्या परंपरेत उलगडा हाच रोग, तिच्या दृष्टीने ही उलटी वैद्यकी म्हटली पाहिजे. खेळाडूला पुढे जाण्यास उत्तेजन द्यावे लागते हे मान्य केले तरी ते नेमके याच ठिकाणाहून द्यावयास नको होते.

पुढील भागांत हाच कल वाढत जातो. अल्जीरियातील थडग्यात सापडलेला गोल, त्यापाठोपाठ येणारी छाया, तिच्यापासून सुटण्यासाठी अलेक्झांडरच्या सांगण्यावरून डॅनिएलने माणसांचा केलेला छळ, असा सर्व वृत्तांत हळूहळू स्पष्ट होतो आणि शेवटी खेळाडूपुढे तीन निरनिराळे शेवट ठेवले जातात. छळाचा भाग प्रभावी आहे यात शंका नाही. पण ते भय अपराधाचे आहे, म्हणजे मानवी मापाचे आहे. लव्हक्राफ्टपेक्षा ते पो याच्या अधिक जवळचे. अपराध्याला निदान पश्चात्तापाची वाट असते. विश्वाच्या उदासीनतेपुढे उभ्या असलेल्या माणसाला ती नसते.

डेमोपाशी यांपैकी पुष्कळसे नाही. त्यात पत्र आहे, तेल संपत आलेला दिवा आहे, आणि अलेक्झांडर कोण, त्याला मारावयाचे ते का, याचा निर्वाळा होण्यापूर्वीच खेळ तुटतो.