बोनोबो : पुस्तकातला आणि जंगलातला

चिंपांझी भांडखोर आणि बोनोबो शांतताप्रिय, ही जोडी विज्ञानविषयक लेखांत आता पक्की रुळली आहे. दोघेही बिनशेपटीचे मोठे वानर, म्हणजे कपी. दोघेही माणसाचे सारखेच जवळचे नातलग. २०१२ साली बोनोबोचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या डीएनएशी त्याचे सुमारे ९८.७ टक्के साम्य आढळले. चिंपांझीचेही जवळपास तेवढेच आहे. त्यामुळे या जोडीची गोष्ट सांगताना तात्पर्य लगेच हाताशी येते. आपला एक भाऊ मारामाऱ्या करतो, दुसरा प्रेमाने तंटे मिटवतो. म्हणजे माणसालाही दुसरी वाट मोकळी आहे. वर्गात ही गोष्ट छान रंगते. आम्हीही ती सांगितली आहे.

या चित्राचा मोठा प्रसार केला तो फ्रान्स द वाल यांच्या १९९७ सालच्या ‘बोनोबो : द फरगॉटन एप’ या पुस्तकाने. त्यातली छायाचित्रे फ्रान्स लँटिंग यांची आहेत. मार्च २०२४ मध्ये द वाल यांचे निधन झाले आणि पुढच्याच महिन्यात कांगोच्या जंगलातल्या बोनोबोंविषयी एक शोधनिबंध आला. त्याने या चित्राला चांगलाच तडा गेला. म्हणून हे पुस्तक पुन्हा वाचावे, त्यातले काय टिकते आणि काय टिकत नाही ते पाहावे, असे आम्हाला वाटले.

आधी पुस्तकाचे श्रेय त्याला देऊ. बोनोबो खरोखरच दुर्लक्षित होता. शास्त्राला त्याची ओळख पटली ती जंगलात नव्हे, तर बेल्जियममधल्या टेर्व्हुरेनच्या संग्रहालयात, एका कवटीवरून. १९२९ साली अर्न्स्ट श्वार्ट्झ यांनी त्याला चिंपांझीची उपजाती मानले. १९३३ साली हॅरल्ड कूलिज यांनी त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. त्यानंतरही सुमारे चाळीस वर्षे कोणी त्याचा जंगलात दीर्घकाळ अभ्यास केला नाही. टांझानियातल्या गोम्बेच्या चिंपांझींचा अभ्यास मात्र १९६० सालीच सुरू झाला होता. १९७०च्या दशकात तिथल्या एका टोळीने शेजारच्या टोळीतल्या नरांना एकेकटे गाठून मारले, तेव्हा माणसाच्या युद्धाचे मूळ इथेच आहे असा सूर निघू लागला. अशा वेळी या पुस्तकाने सांगितले की आपण नात्यातल्या एकाच शाखेकडे पाहत आहोत, दुसरी पाहायची राहिली आहे. हे सांगणे आवश्यकच होते.

दुसरे श्रेय भाषेचे. बोनोबोंचे लैंगिक वर्तन केवळ प्रजननापुरते नसते. अन्न समोर आले, ताण वाढला, भांडण झाले, की ते एकमेकांच्या अगदी जवळ येतात. माद्या माद्यांशीही जननांगे घासतात. द वाल हे सारे न लाजता आणि चवीने न चघळता सांगतात. प्राण्यांविषयी असे सरळ कसे बोलावे, याचा हा चांगला नमुना आहे. शिक्षकांनी हा भाग गाळू नये.

आता हरकत. कोणतेही निरीक्षण कुठे आणि कोणत्या परिस्थितीत झाले, हा विज्ञानातला पहिला प्रश्न. द वाल यांचे स्वतःचे बोनोबोंवरचे काम मुख्यतः १९८३-८४ मधले, अमेरिकेतल्या सॅन डिएगो प्राणिसंग्रहालयातले. तिथे बोनोबो होते अवघे दहा. बंदिस्त जागेत प्राण्याला दूर निघून जाता येत नाही, अन्न ठराविक वेळी एकाच ठिकाणी मिळते आणि रिकामा वेळ भरपूर असतो. तिथे जवळीक आणि समेट जास्त दिसावेत यात नवल नाही. द वाल यांनी जंगलात काम करणाऱ्यांच्या मुलाखतीही पुस्तकात घेतल्या आहेत, हे खरे. पण त्यांतल्या सर्वांत महत्त्वाच्या केंद्राचीही एक अडचण होती. ताकायोशी कानो यांनी १९७०च्या दशकात झाईरमधल्या, म्हणजे आजच्या कांगो लोकशाही प्रजासत्ताकातल्या, वांबा येथे अभ्यास सुरू केला. लाजऱ्या प्राण्यांना जवळ आणण्यासाठी त्यांनी ऊस घालायला सुरुवात केली. उसाच्या ढिगाभोवती सगळी टोळी जमते. जंगलात ती फळांच्या शोधात लहान लहान गटांत पांगलेली असते. म्हणजे पिंजऱ्यातले आणि उसाजवळचे, अशी दोन्ही चित्रे प्रामुख्याने अन्नाभोवती दाटीवाटीने जमलेल्या बोनोबोंची होती. १९९८ साली क्रेग स्टॅनफर्ड यांनी नेमका हाच मुद्दा मांडला. चिंपांझी बहुतांशी जंगलातला आणि बोनोबो बराचसा पिंजऱ्यातला, अशी तुलना करून दोघांतला फरक फुगवला जातो, असे त्यांचे म्हणणे होते. द वाल यांना ते पटले नाही.

वाद मिटवायचा तर जंगलातच बसायला हवे होते. पण १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात युद्ध पेटले आणि अभ्यासकांना परतावे लागले. २००२ नंतर वांबाचे काम पुन्हा उभे राहिले आणि लुईकोताले येथे नवे केंद्र सुरू झाले. ऊस घालणे तोवर बंद झाले होते. अभ्यासक पहाटे बोनोबोंच्या घरट्यांखाली हजर होतात आणि दिवसभर त्यांच्या मागे चालतात. असे चालल्यावर काय दिसले?

पहिले म्हणजे बोनोबो शिकार करतो. लोमाकोच्या जंगलात त्याने डायकर नावाची छोटी हरणे खाल्ल्याच्या नोंदी आधीपासून होत्या. लुईकोताले येथे तो माकडांचीही शिकार करतो, हे २००८ साली प्रसिद्ध झाले. दुसरे म्हणजे नर भांडतात, आणि चांगलेच भांडतात. सुरुवातीला उल्लेख केलेला शोधनिबंध मॉद मुजिनो आणि सहकाऱ्यांचा आहे. त्यांनी कोकोलोपोरी येथील १२ बोनोबो नर आणि गोम्बे येथील १४ चिंपांझी नर यांची एकाच पद्धतीने तुलना केली. एका नरामागे दिवसभर चालायचे आणि तो केव्हा, कोणावर धावून गेला, कोणाला मारले किंवा चावले, ते टिपायचे. बोनोबो नरांमधली भांडणे चिंपांझींच्या २.८ पट भरली. अंगाला हात लागण्यापर्यंत गेलेली भांडणे ३ पट. इतकेच नव्हे, तर जास्त आक्रमक नरांना समागमाची संधीही जास्त मिळत होती.

मग पुस्तक फेकून द्यावे का? इथेच सावध राहायला हवे. ‘बोनोबोच खरा भांडखोर’ हे नवे लेबल जुन्याइतकेच उथळ ठरेल. भांडणांची संख्या आणि भांडणाचा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिंपांझी नर टोळके करून हल्ला करतात, त्यामुळे एखादा जिवाला मुकतो. बोनोबो नर बहुधा एकास एक भांडतो आणि प्रकरण तेवढ्यावर संपते. २०१४ साली चिंपांझींच्या १८ आणि बोनोबोंच्या ४ टोळ्यांची अनेक वर्षांची माहिती एकत्र केली गेली. चिंपांझींनी आपल्याच जातीतल्यांना मारल्याची पाहिलेली, पुराव्यावरून ठरवलेली आणि संशयित अशी मिळून १५२ प्रकरणे भरली. बोनोबोंचे एकच, तेही संशयित. शेजारच्या टोळ्या भेटल्या तर बोनोबो एकत्र खातात, एकमेकांचे केस विंचरतात, कधी अन्नही वाटून घेतात. हे कोकोलोपोरीच्या जंगलातच तपशीलवार नोंदले गेले आणि २०२३ साली प्रसिद्ध झाले. शिवाय चिंपांझी नर माद्यांवर जितका हात उगारतात, तितका बोनोबो नर उगारत नाहीत.

का उगारत नाहीत? द वाल यांचे उत्तर होते माद्यांची एकजूट. जंगलाने या उत्तराला पाठिंबाच दिला आहे. बोनोबो मादी वयात येताना जन्माची टोळी सोडून जाते, म्हणजे एका टोळीतल्या माद्या सहसा एकमेकींच्या नात्यातल्या नसतात. अंगानेही त्या नरांपेक्षा लहान. तरीही त्या एकत्र येऊन नराला पळवून लावतात. २०२५ साली सहा टोळ्यांच्या सुमारे तीस वर्षांच्या नोंदींवरून हेच दिसले : माद्यांच्या युतीतले सुमारे ८५ टक्के हल्ले नरांवर होते, आणि जिथे युती जास्त तिथे माद्यांचे वजनही जास्त. पण माद्यांची सत्ता सगळ्या टोळ्यांत सारखी नव्हती, हेही लक्षात ठेवू.

शरीरक्रियेची बाजूही आहे. मादीच्या जननांगाभोवती सूज येते. ती पाहून नर जवळ येतात. लुईकोताले येथे मूत्रातली संप्रेरके मोजली, तेव्हा कळले की ऐन सुजेच्या काळात बीजमोचन होते ते सुमारे निम्म्या वेळाच. म्हणजे नराला नेमका दिवस ओळखता येत नाही आणि एकाच नराला मादी अडवून धरणे अवघड होते. स्पर्धा मात्र संपत नाही. आई मुलाच्या मदतीला येते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आई टोळीत असलेल्या नराला संतती होण्याची शक्यता सुमारे तिप्पट आढळली.

या साऱ्यामागे परिसर काय करतो, हा प्रश्न अजून खुला आहे. बोनोबो कांगो नदीच्या डाव्या तीराकडच्या जंगलांतच राहतो. चिंपांझी आणि गोरिला नदीपलीकडे. दक्षिणेला गोरिला नसल्यामुळे जमिनीवरच्या रसाळ देठांचा आणि पाल्याचा वाटेकरी उरला नाही; फळे कमी पडली तरी माद्यांना पांगावे लागले नाही आणि एकजूट जमली, असे रिचर्ड रँगहॅम यांनी सुचवले होते. गृहीतक सुंदर आहे, पण गोम्बेलाही गोरिला नाहीत आणि तिथे असे घडले नाही. तेव्हा एकाच कारणावर सारा भार टाकता येत नाही.

थोडक्यात, पुस्तकातली बरीच निरीक्षणे टिकली. जे टिकले नाही ते त्यांतून काढलेले सोपे तात्पर्य. वाचकाला आवडेल असा नातेवाईक शोधण्याच्या उत्साहात पुस्तक एका बाजूला कलते. आपल्याकडेही असे घडले आहे. आपल्या ओळखीचे काळ्या तोंडाचे वानर सुरुवातीच्या अभ्यासांत शांत प्राणी म्हणून वर्णिले गेले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा यांनी धारवाडजवळ पाहिले, की टोळी बळकावणारा नवा नर तिथली पिल्ले मारतो. वानर बदलले नव्हते. पाहण्याची जागा आणि वेळ बदलली होती.

यात आपल्यासाठी एक धोका आहे. बोनोबो शांत आहे म्हणून माणसाने शांत असावे, असे आम्ही वर्गात शिकवले, तर उद्या एखादा विद्यार्थी २.८ पटीचा आकडा घेऊन येईल आणि विचारेल : मग आता मारामारी चालेल का? स्त्रियांचा मान, शेजाऱ्यांशी सलोखा ही मूल्ये कोणत्याही कपीच्या दाखल्यावर उभी नाहीत, आणि ती तशी उभी करूही नयेत. कपींकडून शिकायचे ते वेगळे : एकाच नात्यातल्या प्राण्यांत परिसर, अन्न आणि युती यांमुळे समाज किती निरनिराळे घडू शकतात.

तेव्हा पुस्तक ग्रंथालयात जरूर ठेवावे. मुलांना त्यातली छायाचित्रे दाखवावीत आणि प्रत्येकाखाली तीन प्रश्न विचारायला लावावेत : हे कुठे पाहिले? किती प्राणी होते? अन्न कोणी आणून ठेवले होते? हेच प्रश्न गावातल्या कुत्र्यांच्या टोळीला किंवा देवळाजवळच्या वानरांना लावून महिनाभर वही भरता येईल. नैवेद्याच्या वेळी आणि एरवी, अशा दोन वेगळ्या नोंदी ठेवल्या, तर वांबाच्या उसाचा मुद्दा मुलांना समजावून सांगावा लागणार नाही.

जंगलातले बोनोबो किमान १५ ते २० हजार असावेत असा अंदाज आहे, आणि शिकारीमुळे व जंगलतोडीमुळे ही जाती धोक्यात आहे. वांबाच्या आसपासचे लोक त्याला परंपरेने आपला नातलग मानत आणि खात नसत; तिथे तो टिकून राहण्यामागे हेही एक कारण आहे. त्याला वाचवायचे ते तो सद्गुणी आहे म्हणून नव्हे. तो शिकार करतो, भांडतो, समेट करतो, आणि अजून आपल्याला पुरता समजलेला नाही.