वडसा आणि जिनिव्हा

नाटक हा माझा विषय नव्हे. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे नाटकावर बोलायचं तर एखाद्या तत्त्वज्ञाचा हात धरूनच उभं राहावं लागतं. १७५७ साली फ्रेंच विश्वकोशात दालांबेरने जिनिव्हा शहरावर नोंद लिहिली आणि जाता जाता सुचवलं, की या शहरात एक नाट्यगृह असावं. रूसो भडकला. पुढच्याच वर्षी त्याने दालांबेरला उद्देशून एक लांबलचक पत्र छापलं. त्यातला एक मुद्दा असा : नाट्यगृहात माणसं एकत्र येतात असं आपल्याला वाटतं, पण खरं तर तिथे प्रत्येक जण एकटा पडतो. खोट्या दुःखावर रडून घेतो आणि शेजाऱ्याला विसरतो. त्यापेक्षा चौकात उत्सव करा, लोकांनाच खेळू-नाचू द्या.

हे पत्र मी वर्गात अनेक वर्षं शिकवलं. एकदा गडचिरोलीकडचा एक मुलगा उठून म्हणाला, ‘सर, आमच्याकडे तर नाटकालाच सारे सोयरे येतात.’ मी तेव्हा हसून पुढे गेलो. आज वाटतं, की रूसोला उत्तर तेच होतं आणि मला ते ऐकू आलं नाही.

झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतला धानाचा आणि जंगलाचा मुलूख. दिवाळीनंतर धान घरात यायला लागलं की गावोगाव मंडई भरते, कुठे शंकरपट असतो आणि रात्री नाटक. हा हंगाम होळीपर्यंत चालतो. नाटक कंपन्यांचं केंद्र म्हणजे देसाईगंज. रेल्वे स्टेशनचं नाव वडसा, म्हणून लोकही वडसाच म्हणतात. गावातलं मंडळ वडशाला जातं, कंपनीच्या कार्यालयात बसून नाटक ठरवतं, रक्कम कबूल करतं, मंडप घालतं, तिकिटं विकतं. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत खेळ चालतो. वादक समोर, प्रॉम्प्टर हाताशी. लेकी-जावई, व्याही-विहिणी आलेले असतात. सकाळी त्याच अंगणात एखादी सोयरीकही जुळते.

आपले शहरी समीक्षक या रंगभूमीकडे दोन तऱ्हांनी पाहतात. काहींना ती आपल्या व्यावसायिक नाटकाची गावठी नक्कल वाटते. काहींना ती लोककला वाटते आणि मग ते ‘जतन’ करायला निघतात. दंडार ही लोककला आहे, तिच्यावर आणि झाडीबोलीवर डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी केलेलं काम मोठं आहे. पण आजचं झाडीपट्टीचं नाटक हा धंदा आहे, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. इथे नाटक विकत घेतलं जातं. आणि ते विकत घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्याच गावात असतो.

याचा अर्थ नीट पाहा. आपण नाट्यगृहात जातो, नाटक पडलं तर पार्किंगमधून गाडी काढतो आणि घरी येतो. जाब कोणाला विचारणार? झाडीत नाटक फसलं तर मंडळाच्या माणसाला सकाळी पानठेल्यावर चार लोक धरतात : ‘काय आणलंस हे?’ पुढल्या वर्षी दुसरी कंपनी येते. चांगलं झालं तर नायिकेच्या रडण्यावर, विनोदी नटाच्या एका वाक्यावर आठवडाभर चर्चा. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा शहरात बऱ्याच जणांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. झाडीत त्यांना ओळखण्यासाठी दिल्लीच्या शिक्क्याची गरज नव्हती. रूसो म्हणतो तो उत्सव आणि तो नाकारतो ते नाटक, दोन्ही इथे एकाच मंडपात आहेत, कारण प्रेक्षक एकमेकांना ओळखतात आणि निवाडा त्यांच्या हातात आहे.

आता दोषही सांगतो, नाहीतर हे भाषण सत्काराचं होईल. मी पाहिलेल्या नाटकांपैकी बऱ्याचशांची संहिता बेताची होती. त्यागी भाऊ, दारुडा बाप, खलनायक पाटील. कथेशी काडीचा संबंध नसलेली लावणी मध्येच येते, आणि पुढच्या रांगेतून शिट्ट्या आल्या की ती लांबते. घरच्या बायका त्या वेळी पोराला थोपटत बसतात; त्यांचं मत मंडळात कोणी विचारत नाही. गाव निवाडा करतं हे मी म्हणालो खरं, पण गावातलं कोण? हा प्रश्न माझ्याच युक्तिवादाला टोचतो आणि मी तो टाळू इच्छित नाही. कंपनीला पैसे देणाऱ्या मंडळात बायका बसल्या तर संहिता बदलतील असा माझा कयास आहे. नीतिपाठ देणाऱ्या समितीने मात्र त्या बदलणार नाहीत.

मध्यंतरी एका बैठकीत मी होतो. तिथे सूचना आली, की या नाटकांसाठी सुसज्ज सभागृह बांधावं आणि प्रयोग तीन तासांत बसवावेत. खुर्च्या पक्क्या, वेळ आखलेली, दहाला दिवे बंद. मी विचारलं, बारा मैलांवरून आलेला पाहुणा दहा वाजता कुठे जाईल? रात्रभर नाटक चालतं त्याला हेही एक कारण आहे. कुणी उत्तर दिलं नाही, चहा आला.

सरकारला काही करायचंच असेल तर ते उरलेल्या सात-आठ महिन्यांकडे पाहावं. होळीनंतर वडशातली कार्यालयं शांत होतात. रात्री राजा झालेला नट जुलैत दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला वाकलेला असतो. प्रवासात गाडी उलटली, घसा बसला, हंगाम गेला, तर त्याच्यामागे काय आहे? तो व्यावसायिक आहे असं आपण म्हणतो, तर व्यवसायाला असतं ते विम्याचं, आजारपणाचं, म्हातारपणाचं संरक्षण त्याला हवं. प्रेक्षक त्याला लोकांनी दिले आहेत. तिकीट काढून, दरवर्षी.